विजयाची रुंद चौकट

१

पडदा बाजूला झाला आणि आतून भिंत निघाली.

चौकट जागच्या जागी होती. नवी, पॉलिश केलेली, छान. तिच्या आत मात्र चित्र नव्हतं, पांढरी भिंत होती. माझा भाचा हातात पडद्याची दोरी धरून त्या भिंतीकडे बघतच राहिला. दुपारी चारला प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. पडदा नीट सरकतो का बघू, म्हणून त्याने सकाळी ही रंगीत तालीम ठेवली म्हणून बरं, नाहीतर ती दोरी प्रमुख पाहुण्यांच्या हातात असती.

"मावशी," तो म्हणाला, "हे काय झालं गं?"

मला काय माहीत? चोऱ्यांचा तपास करण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्त झालेय. भाचा संग्रहालयाचा संचालक झाला, म्हणून कौतुकाने आले होते. दोन भाषणं ऐकायची, चहा घ्यायचा आणि घर गाठायचं, एवढाच बेत होता. पण माझ्या नशिबात साधा चहा लिहिलेलाच नाही.

प्रदर्शन युद्धाचं होतं. आमच्या गावातून नदी जाते. दोन पिढ्यांपूर्वी अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांच्या जिवावर उठले होते. अलीकडचे जिंकले. आता सगळं एकच गाव आहे, असं आम्ही अलीकडचे म्हणतो. पलीकडचे काय म्हणतात ते आम्ही विचारायला गेलो नाही. भाच्याला नेमकं तेच दाखवायचं होतं. दालनाच्या एका भिंतीवर आमचं 'विजयी पुनरागमन', भिंतभर मोठं: पुलावरून इकडे येणारं सैन्य आणि पुढे घोड्यावर सेनापती. समोरच्या भिंतीवर पलीकडच्या एका पाट्या रंगवणाऱ्याचं चित्र. पिठाच्या पोत्याचं कापड पातळ फळीवर चिकटवून त्यावर काढलेलं, शाळेतल्या पाटीएवढं. जिंकणाऱ्याचं युद्ध आणि हरणाऱ्याचं युद्ध, समोरासमोर. त्यातलं हरणाऱ्याचं गायब झालं होतं.

दालनात आम्ही पाच जण होतो. भाचा आणि मी. मोठ्या चित्राच्या दिवंगत चित्रकाराचा मुलगा. साठी उलटली तरी सगळं गाव त्याला 'चिरंजीव' म्हणतं. लहान चित्र ज्यांनी प्रदर्शनाला दिलं त्या शिवणबाई, म्हणजे त्या पाटीवाल्याची लेक, पलीकडे शिवणाचा वर्ग चालवतात. आणि संग्रहालयाचा चौकटवाला. तोही पलीकडचाच.

भाच्याने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं आणि नजर चौकटवाल्यावर आणून ठेवली.

"चौकटींना हात फक्त तुम्ही लावता. कोपऱ्यातली खोली तुमची, हत्यारं तुमची. चारच्या आत चित्र मिळालं नाही, तर मला पोलिसांना तुमचंच नाव सांगावं लागेल."

चौकटवाल्याने हातातला फडका घडी करून खिशात ठेवला.

"मला चारपर्यंत वेळ दे," मी म्हणाले. "आणि तोपर्यंत तोंड बंद ठेव."

२

चौकटवाल्याच्या खोलीत लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास होता. मी रिकामी चौकट टेबलावर पालथी घातली. चित्र मागून पडू नये म्हणून चारी बाजूंनी बारीक खिळे ठोकून आत वाकवलेले असतात. ते सगळे खिळे अलगद बाहेरच्या बाजूला वळवलेले होते. एकही उपटला नव्हता.

"तुम्ही हे कशाने केलं असतं?" मी विचारलं.

"पकडीने." त्याने भिंतीवरची पकड काढून माझ्यापुढे ठेवली. तिचे दात चांगलेच खरबरीत होते. मी चष्मा पुसून एकेक खिळा बघितला. दाताची खूण कुठेच नव्हती. कुणीतरी काहीतरी गुळगुळीत लावून खिळे ढकलले होते. सावकाश, चौकटीला ओरखडा न आणता. चोर असा जीव लावून चोरी करत नाही.

"काल काय काय झालं ते सांगा. मधलं गाळू नका."

काल सकाळी लहान चित्र टांगून त्याच्यावर पडदा सोडला होता. त्याच वेळी मोठं चित्र जिन्यावरच्या भिंतीवरून खाली दालनात आणलं. युद्धानंतर ते पहिल्यांदाच खाली उतरत होतं. उतरवताना त्याच्या चौकटीचा सांधा सुटला. मग दुपारी याने चौकट काढून इथे आणली, सांधा जोडला, चहानंतर पुन्हा चढवली. तेवढा वेळ मोठं चित्र दालनात उघडंच भिंतीला टेकून उभं होतं. चौकट चढल्यावर लगेच दालनाला कुलूप लागलं, ते आज सकाळीच उघडलं.

"दालनात तेव्हा कोण होतं?"

"मी इथे होतो, बाई. मला काय दिसणार." मग तो म्हणाला, "दाराशी सगळ्यांच्या पिशव्या उघडून बघतात. माझा डबासुद्धा उघडतात. चित्र बाहेर गेलेलं नाही."

ते मलाही पटलं होतं. पाटीएवढी फळी कुणी मुठीत लपवून नेत नाही.

"घाबरलात?"

"घाबरलो नाही, चिडलोय." त्याने पकड पुन्हा खुंटीला लावली. "या इमारतीत कामाला लागलेला पलीकडचा पहिला माणूस मी. मी चोर ठरलो तर दुसरा कुणी आत येणार नाही. माझ्या पोटाचं मी बघेन कसंही. पण ते दार बंद होईल."

मी त्याला सांगितलं की दार बंद होणार नाही. असं वचन देऊ नये, हे मला नोकरीत पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण दिलं.

३

चिरंजीव भाच्याच्या खोलीत, भाच्याच्याच खुर्चीत बसले होते.

"बरं झालं गेलं ते," मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले. "काल मी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, ते फडकं माझ्या बाबांच्या चित्रासमोर लागता कामा नये. आजही तेच सांगतो. आता मला पकडणार असाल तर पकडा."

"ज्याला लपवायचं असतं तो एवढं ओरडून सांगत नाही," मी म्हणाले. "काल दुपारी कुठे होता तुम्ही?"

"तुमच्या भाच्याशी भांडत होतो. याच खोलीत. चहा निवला तरी भांडत होतो."

भाच्याने दारातूनच मान हलवली. म्हणजे दोघेही सुटले, आणि चौकट पुन्हा जागेवर जाईपर्यंत दोघांनी दालनात पाऊल टाकलं नव्हतं.

"तुमच्या बाबांनी ते चित्र कुठे बसून काढलं?"

हा प्रश्न त्यांच्या आवडीचा निघाला. चेहरा एकदम खुलला. "अलीकडच्या तीरावर, टेकडीपाशी. सैन्य लढून परत येत होतं, त्याच्या स्वागताला सगळं गाव उभं होतं. बाबा त्या गर्दीत पुढे होते. म्हणून तर सैन्य आपल्या अंगावर येताना दिसतं."

अंगावर येताना. मला माझी शाळा आठवली. दर विजयदिनाला आम्हाला रांगेने इथे आणायचे आणि त्या जिन्याखाली उभं करून सलाम ठोकायला लावायचे. पुढच्या रांगेतली कुणीतरी मुलगी हमखास रडायची. एका वर्षी मी रडले. बाईंनी पाठीत धपाटा घातला आणि म्हणाल्या, आपलंच सैन्य आहे, भितेस काय?

"आणि ती एवढी रुंद चौकट? चित्राला गिळतेय ती."

"बाबांनीच घालायला लावली. कुणाला बदलू दिली नाही. हात लावाल तर याद राखा, म्हणायचे." चिरंजीवांनी खांदे उडवले. "मोठ्या माणसांचे हट्ट."

चित्रकार आपलं चित्र चौकटीखाली झाकायचा हट्ट धरतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

४

शिवणबाई दालनातच बसून होत्या. मोठ्या चित्राकडे पाठ करून, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. वयाने माझ्याएवढ्याच असतील.

"तुम्हाला फार वाईट वाटलं असेल," मी शेजारी बसत म्हणाले.

"वाटलं ना." आवाज कोरडा होता. "बाबांची तेवढी एकच वस्तू उरली होती."

"मग शोधते मी. चारच्या आत."

"नाही मिळालं तरी चालेल हो. जाऊ द्या. माझी कुणाबद्दल तक्रार नाही."

ज्याचं गेलं तोच जाऊ द्या म्हणतो, तेव्हा माझे कान टवकारतात. मी बोलणं दुसरीकडे वळवलं. बाबा कसे होते वगैरे. युद्धात ते पकडले गेले, कैद्यांच्या छावणीत होते, बाकीच्यांच्या आधी सुटून घरी आले. पलीकडच्या लोकांनी त्यावरून आयुष्यभर टोमणे मारले: तुझा बाप लवकर सुटला हो, काय दिलं त्याने? घरी आल्यावर त्यांनी हे एक लहान चित्र काढलं, आणि पुढे पाट्यांखेरीज काही रंगवलं नाही.

"तुम्ही विचारलं नाही कधी?"

"एकदा विचारलं. म्हणाले, त्यांना हवं ते मी दिलं नाही. एवढंच. त्याचा अर्थ काय, ते सांगितलं नाही."

"आणि हे समोरचं? विजयी पुनरागमन? काल खाली आणलं तेव्हा नीट बघितलंत?"

"मी कशाला बघू? सकाळी चित्र टांगून झालं आणि मी घरी गेले. त्याच्याकडे बघायचीही इच्छा नाही मला. आमच्या पंपापाशी घोडा नाचवतोय तो मेला सेनापती, त्याचं काय कौतुक करायचं?"

मी बरं म्हणाले आणि उठले. उठून मोठ्या चित्रासमोर जाऊन उभी राहिले.

पूल होता, नदी होती, घोडा होता. सैनिकांच्या रोखलेल्या बंदुका होत्या. खालच्या कडेला, काठावरच्या चिखलात, कापड जरा फुगल्यासारखं वाटत होतं. सकाळीही वाटलं होतं, पण तेव्हा मी चष्म्याला दोष दिला होता.

पंप कुठेच नव्हता.

५

"चौकट काढा," मी चौकटवाल्याला सांगितलं.

"आत्ता?" भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी, दोन तासांनी लोक येतील. कालच तर सांधा जोडलाय."

"पुन्हा जोडतील. काढा म्हणते ना."

चिरंजीव हां हां करत पुढे आले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. निवृत्त झाले तरी ते बघणं काही कुणी काढून घेतलेलं नाही. ते बाजूला झाले.

चित्र भिंतीवरून उतरवलं, चौकट सुटली. चारी बाजूंनी वीतभर रुंद पट्टा उघडा झाला, इतकी वर्षं ऊन न लागल्याने रंग ताजे राहिलेला. आणि डाव्या हाताला खाली, घोड्याच्या पुढ्यात, एक पंप होता. एक दांडी या बाजूला, एक त्या बाजूला.

मी पर्समधून निमंत्रणपत्रिका काढली. तिच्यावर हरवलेलं लहान चित्र छापलेलं होतं: रिकामा पूल, आणि पुढ्यात पाण्यासाठी वाकलेल्या बायका. त्यांच्या मध्ये तोच दोन दांड्यांचा पंप.

"असा पंप कुठे आहे?" मी चौकटवाल्याला विचारलं.

"आमच्याकडेच. पुलाच्या तोंडाशी. आमच्या लोहाराने केलेला, दोघांनी मिळून मारायचा. अजून चालतो."

"अलीकडे?"

"अलीकडे कुठला बाई, तुमच्याकडे नळ होते."

शिवणबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. आता त्या चित्राकडे तोंड करून होत्या.

"बाई," मी म्हणाले, "काल सकाळी तुम्ही घरी गेलात तेव्हा या पंपावर चौकट होती. युद्धानंतर कायमच होती. तो उघडा पडला तो काल दुपारी, चौकट जोडायला नेली तेवढ्यापुरता. तुम्ही घरी गेला नव्हतात. तुम्ही इथे होतात, आणि हा पंप तुम्ही बघितलात."

"बघितला तर बघितला. तो काय गुन्हा आहे?"

"नाही. पण तुम्ही खोटं बोललात. चित्र बघण्याची लाज कुणाला वाटत नाही. म्हणजे त्या चित्रात तुम्हाला अजून काहीतरी दिसलं."

मी चित्राच्या मागच्या बाजूला गेले. कापड ज्या लाकडी सांगाड्यावर ताणलेलं असतं, त्याच्या खालच्या पट्टीमागे हात घातला. फुगवटा तिथेच होता. बोटांना पातळ फळी लागली. मी ती ओढून बाहेर काढली.

पिठाच्या पोत्यावरचा पूल, बायका, पंप. सगळं जसंच्या तसं.

"कशाने वळवलेत खिळे?"

शिवणबाईंनी पिशवीतून, शिवताना सुई बोचू नये म्हणून घालतात ते धातूचं अंगुस्तान काढून बोटावर चढवलं आणि मला दाखवलं. गुळगुळीत, झिजलेलं.

६

"नदी बघा," त्या म्हणाल्या. मला नाही, चौकटवाल्याला. आपल्या माणसाला आधी सांगावं असं त्यांना वाटलं असेल. "पाटीवर अक्षराचा रंग जास्त झाला की बाबा ब्रश वापरायचे नाहीत. हाताच्या कडेने ओढून काढायचे, करंगळीखालच्या या भागाने. नदीचं पाणीही तसंच करायचे. मी लहानपणी शेजारी बसून बघितलंय. त्यांचा हात कधी स्वच्छ नसायचा."

मी लहान चित्र मोठ्याशेजारी धरलं. दोन्ही नद्यांत त्याच रुंद, आडव्या, हाताच्या कडेने ओढलेल्या रेघा होत्या. भाचा वाकून वाकून बघत राहिला. शेवटी तो सरळ झाला आणि म्हणाला, "एकच हात आहे."

"म्हणून लपवलं," शिवणबाई म्हणाल्या. "समोरासमोर लागली असती तर आज ना उद्या कुणाला तरी दिसलंच असतं. दारात पिशव्या बघतात, बाहेर नेता येईना. परत मागितलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. लोक म्हणायचे, बापाने काय दिलं? हे दिलं. ज्यांनी आमची माणसं मारली, त्यांचा सोहळा रंगवून दिला आणि स्वतः सुटून आला. मला हे काल कळलं, या वयात." त्यांनी चौकटवाल्याकडे बघितलं. "यांच्यावर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही. सकाळी आळ आला, तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. जीभच उचलली नाही. चुकले मी. पोलिसांना माझं नाव सांगा."

"स्वतःचं चित्र लपवलं म्हणून पोलीस कुणाला नेत नाहीत," मी म्हणाले. "आणि तुम्ही अर्धंच बघितलंय. इकडे या."

मी त्यांना हाताला धरून मोठ्या चित्राच्या बरोबर समोर उभं केलं. चिरंजीवांनाही बोलावलं.

"सैन्य परत येतंय म्हणता ना? पंप पलीकडचा आहे. तो आपल्या पायाशी आहे. म्हणजे आत्ता आपण पलीकडे उभे आहोत, आणि ते घरी परतत नाहीयेत, चढाई करून येतायत. घरी परतणारा माणूस बंदूक रोखून येतो का? बघा कुणावर रोखल्यात."

सगळ्या बंदुकांच्या नळ्या आमच्याकडे होत्या. चित्रासमोर कुठेही सरकलं तरी आमच्याकडेच.

"छावणीत जिंकणाऱ्यांना विजयाचं चित्र हवं होतं. तुमच्या बाबांनी काढून दिलं, पण स्वतः जिथे उभे होते तिथून काढलं. पाणी भरायच्या जागेवरून. यांच्या बाबांनी ते स्वतःचं म्हणून पुढे केलं. पंप दिसला तेव्हा त्यांना कळलं असेल, पण तोवर शाबासकी मिळाली होती. मग सही झाली, 'पुनरागमन' नाव पडलं आणि पंपावर रुंद चौकट आली. पण बंदुका काही झाकता आल्या नाहीत. इतकी वर्षं आम्ही अलीकडचे दर विजयदिनाला आमच्याच बंदुकांच्या तोंडी उभं राहून सलाम ठोकतोय. पोरांना ते कळायचं. म्हणून रडायची."

शिवणबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"त्यांना हवं ते दिलं नाही," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग तोंडाला पदर लावून रडल्या. मी रडू दिलं.

चिरंजीव खाली मान घालून उभे होते. हा माणूस आता वकिलाला फोन करणार, असं मला वाटलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"बाबा म्हातारपणी या जिन्याने यायचे नाहीत," ते म्हणाले. "मागच्या दाराने यायचे. मला वाटायचं, गुडघे दुखतात." त्यांनी काही नाकारलं नाही.

७

चारला थोडा वेळ उरला होता. चौकटवाला भिंतीला टेकलेल्या रुंद चौकटीपाशी गेला आणि त्याने भाच्याला विचारलं, "साहेब, ही चढवू?"

भाच्याने आधी त्याची माफी मागितली. सगळ्यांसमोर, नीट हात जोडून. माझी बहीण असती तर तिला बरं वाटलं असतं. मग तो शिवणबाईंकडे वळला. "तुम्ही सांगा. चित्रं तुमच्या घरची आहेत. झाकून ठेवायची असतील तर मी आजचा कार्यक्रम रद्द करतो."

ते सोपं नव्हतं. उद्या पलीकडे जाऊन त्यांना त्याच शेजारणींत राहायचं होतं. काही जणी समजून घेतील, काही म्हणतील, शेवटी काढून दिलंच ना. त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी अंगुस्तान पिशवीत टाकलं.

"चौकट नको," त्या म्हणाल्या. "पंप दिसू दे. आणि खालची नावाची पाटी बदला."

"छापून यायला दोन दिवस लागतील हो."

"छापायची कशाला? पाटीवाल्याची मुलगी आहे मी. अक्षरं भरायला मीच बसायची."

चौकटवाल्याने एक फळी तासून दिली, रंगाचा डबा आणला. 'विजयी पुनरागमन' गेलं. त्याच्या जागी त्यांनी 'पंपापाशी' असं लिहिलं आणि खाली बाबांचं नाव. अक्षर वळणदार होतं. बाहेर गाड्या थांबल्याचे आवाज आले. जुने सैनिक विजयदिनाला येतात तसे छातीवर पदकं लावून आले होते आणि पुढच्या रांगेत बसायला आत येत होते. त्यांतला सगळ्यात म्हातारा सवयीने चित्रासमोर उभा राहिला, सलामाला हात उचलला, आणि त्याची नजर पंपावर गेली. त्याने त्या पंपाचं पाणी प्यायलं होतं की त्याहून काही वाईट केलं होतं, कुणास ठाऊक. त्याचा हात कपाळापर्यंत पोचलाच नाही.

शिवणबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. नावाच्या शेवटच्या अक्षराला रंग जरा जास्त झाला होता आणि ओघळ यायला लागला होता. चौकटवाल्याने खिशातला फडका पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. करंगळीखालची हाताची कड टेकवली आणि रंग एका ओढीत सरळ करून टाकला.